कलासंस्थेतलं न दिसणारं काम: तुम्ही ते बजेटमध्ये कुठे लिहिता?

मागचीबाजू:
एका छोट्या कलासंस्थेचं ऑफिस मी सांभाळते. एक छोटा रंगमंच, त्याला लागून चित्रांचं दालन, वर्षभर काही ना काही चालूच. पगारी माणसं मोजकी, बाकी सगळं स्वयंसेवकांवर. अशा संस्थांमध्ये काम करणारे इथे बरेच असणार म्हणून हा विषय काढतेय.

दीड तासाच्या एका प्रयोगामागे काय काय असतं ते एकदा सलग लिहूनच बघा. कलाकाराशी तारीख ठरवणं, करार, नाटक असेल तर लेखकाची किंवा हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची लेखी परवानगी, आत गाणं वापरलंय तर त्याची वेगळी परवानगी, विमा, पोस्टरवरची नावं ज्याची त्याच्याकडून तपासून घेणं, तिकीटविक्री सुरू व्हायच्या आधी व्हीलचेअरच्या जागा नकाशात बाजूला काढून ठेवणं (नंतर काढायच्या म्हटलं तर कोणाला तरी उठवावं लागतं), कलाकाराने पाठवलेली तांत्रिक यादी आपल्याकडच्या सामानाशी ताडून बघणं, कोण दारात उभं राहणार कोण तिकीट बघणार त्याचं वेळापत्रक. हे झालं प्रयोगाच्या आधीचं. नंतर गल्ला मोजून बँकेत भरणं, मानधन वेळेत पोचवणं, आभाराची पत्रं, किती लोक आले त्याची नोंद, फोटोंना नावं देऊन ठेवणं, आणि ज्याने पैसे दिले त्याला अहवाल.

प्रेक्षकाला यातलं काही दिसत नाही आणि दिसायचं कारणही नाही, तो नाटक बघायला आलाय. माझं म्हणणं देणगीदाराच्या अर्जाबद्दल आहे. त्या अर्जात कलाकारांचं मानधन, हॉलचं भाडं, जाहिरात यांना रकाने असतात, आणि वर जे लिहिलं त्या सगळ्याला मिळून शेवटी 'प्रशासकीय खर्च' नावाची एक ओळ, तीसुद्धा जमेल तितकी कमी दाखवायची असा अलिखित दंडक. मग ते तास जातात कुठे? कुठेच नाही, कोणीतरी घरी जायच्या वेळेनंतर बसून ते करतं, आणि तो माणूस संस्था सोडून गेला की काम त्याच्याबरोबर जातं कारण ते कुठे लिहिलेलंच नव्हतं. माझं मत स्पष्ट आहे, हे काम नाव देऊन, वेळ मोजून, ज्या त्या कार्यक्रमाच्या खर्चात लिहायला हवं. तुमच्याकडे हे कसं करता ते सविस्तर सांगा प्लीज.

हिशेबनीस:
ताई अगदी महत्त्वाचा विषय. मी दोन-तीन छोट्या संस्थांचे हिशेब बघतो (एक संगीताची, एक नाटकाची), तर पैशाच्या बाजूने लिहितो, लांबेल थोडं.

बाहेरच्या माणसाला वाटतं संस्थेच्या खात्यात पैसे आहेत म्हणजे पैसे आहेत. तसं नसतं. बरेचसे पैसे कशासाठी वापरायचे ते देणाऱ्याने लिहून दिलेलं असतं, म्हणजे एका कपाटात नावं लिहिलेली पाकिटं आहेत आणि मुलांच्या कार्यशाळेच्या पाकिटातून विजेचं बिल भरता येत नाही, मग ती कार्यशाळा त्याच विजेवर का चालत असेना. त्यामुळे असं होतं की खात्यात शिल्लक चांगली दिसते आणि पगाराला मात्र पैसे नसतात. ज्या पैशावर काही अट नाही, तिकिटाचे, सभासद वर्गणीचे, साध्या देणगीचे, त्यावर संस्था खरी चालते आणि नेमके तेच सगळ्यात कमी असतात.

दुसरं म्हणजे अनुदान हप्त्याने येतं. शेवटचा हप्ता बहुतेक वेळा कार्यक्रम होऊन अहवाल आणि हिशेब दिल्यावर. म्हणजे खर्च आधी, पैसे मागून. मधले महिने कोण भरून काढतं? राखीव निधी असेल तर तो, नसेल तर कोणीतरी पदरमोड करतं. राखीव निधी किमान तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतका असावा असं सर्रास सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण प्रत्येक अर्जात वरचा खर्च (म्हणजे तीच 'प्रशासकीय' ओळ) शून्याच्या जवळ दाखवला तर राखीव निधी साठणार कुठून हो.

आणि एक, जे कोणी सांगत नाही. छोट्या संस्थेत एकच विश्वासू माणूस रोख घेतो, तोच वहीत लिहितो, तोच बँकेत जातो. माणूस कितीही चांगला असू दे, रोख मोजणारा आणि नोंद करणारा वेगवेगळा पाहिजे आणि चेकवर दोन सह्या पाहिजेत. त्यात अविश्वास दाखवायचा हेतू नसतो, उलट उद्या कोणी बोट दाखवलं तर त्या माणसाला वाचवायला ते असतं. पण दुसरा माणूस म्हणजे पुन्हा तास, आणि तास म्हणजे तीच ओळ.

विंगेतला:
मी लाईट्स आणि स्टेज बघतो. हिशेबाचं मला कळत नाही पण तास कुठे जातात ते बरोबर सांगू शकतो.

लोक विचारतात प्रयोग आठचा मग तू सकाळपासून काय करतोस. सेट लावायच्या आधी वरचे लाईट लागतात कारण एकदा सेट उभा राहिला की शिडी कुठे ठेवणार. मग प्रत्येक लाईट फोकस करायचा, म्हणजे एक जण वर, एक जण खाली नटाच्या जागी उभा, एक जण लाईट बोर्डवर, म्हणजे जिथून सगळे लाईट चालवतात तिथे. मग लेव्हल्स (कुठला लाईट किती प्रखर), मग क्यू लिहायचे (कुठल्या क्षणी काय बदलायचं त्या सूचना), मग आवाज, मग कलाकारांबरोबर नुसत्या क्यूंची तालीम, आणि हे सगळं सुरळीत झालं तर संध्याकाळी हात-तोंड धुवायला वेळ मिळतो. प्रयोगात स्टेज मॅनेजर संहितेवर लिहिलेले क्यू हेडसेटवर देतो, आधी 'स्टँडबाय' आणि मग 'गो'. हेडसेटवर 'गो' हा शब्द इतर कोणत्याही वाक्यात उच्चारायचा नाही हे आम्ही नवीन मुलांना पहिल्या दिवशी सांगतो, कारण बोर्डवरचा माणूस तेवढाच शब्द ऐकायला बसलेला असतो.

आता सगळ्यात धोक्याचा वेळ कुठला? प्रयोगानंतरचा. प्रेक्षक गेले, कलाकार फोटो काढतायत, आणि दिवसभर थकलेली चार माणसं रात्री उशिरा सेट उतरवतायत. जिथे काउंटरवेटचे बार आहेत, म्हणजे स्टेजवर टांगलेले आडवे दांडे ज्यांचं सामान दोराच्या दुसऱ्या बाजूच्या वजनांनी तोललेलं असतं, तिथे नियम साधा आहे. चढवताना बार खाली असताना आधी सामान बारला बांधायचं आणि मग वर वजनं ठेवायची, उतरवताना उलटं, बार खाली आणून आधी वजनं काढायची मग सामान सोडायचं. झोपेत कोणी सामान आधी सोडलं तर वजनांची बाजू जड होते, बार सुसाट वर जातो आणि वजनं खाली येतात. त्याखाली कोण उभं आहे ते वजनाला माहीत नसतं. म्हणून रात्रीच्या उतरवणीला माणसं वाढवा म्हणून मी भांडतो. 'आता काय फक्त आवरायचंय, दोघं पुरे' हे वाक्य मला सहन होत नाही.

प्रत्येक लाईटला हुकशिवाय वेगळी सेफ्टी चेन किंवा केबल, शिडी धरायला एक माणूस, वायरी चालण्याच्या वाटेत असतील तर टेपने पूर्ण दाबलेल्या. हे पण बजेटमध्ये दिसत नाही.

कागदकाच:
दालनाच्या बाजूने मी लिहिते. चित्रप्रदर्शन म्हणजे खिळे ठोकून चित्रं टांगायची असं विश्वस्तांपासून सगळ्यांना वाटतं.

चित्र आपल्याकडे येतं तेव्हा खोका लगेच उघडायचा नसतो, बाहेरचं आणि आतलं हवामान वेगळं असेल तर साधारण २४ तास तसाच खोलीत ठेवायचा म्हणजे तापमान आणि दमटपणा हळूहळू सारखा होतो. मग उघडताना प्रत्येक चित्राचा स्थितीअहवाल, कुठे ओरखडा, कुठे कागद लाटेसारखा झालाय, फ्रेमचा कोपरा उडालाय का, फोटोसकट. बाजूने तिरपा प्रकाश टाकून बघितलं की जे समोरून दिसत नाही ते दिसतं. जाताना पुन्हा तोच अहवाल. हे केलं नाही आणि परत पाठवल्यावर कलाकार म्हणाला की ओरखडा तुमच्याकडे पडला तर संस्थेकडे दाखवायला काही नसतं, विमा कंपनीसुद्धा पहिला प्रश्न हाच विचारते.

प्रकाशाचं तर विचारूच नका. जलरंग, कागदावरची कामं, कापड, यांच्यावर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) आसपास प्रकाश ठेवायचा असतो, तैलचित्रांना २०० पर्यंत चालतो. ५० लक्स म्हणजे बऱ्यापैकी मंद. लोक येऊन म्हणतात किती अंधार आहे, दिवे वाढवा. पण प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही आणि नुकसान साठत जातं, आज थोडं उद्या थोडं. म्हणून आम्ही दालन बंद असताना पडदे ओढून दिवे घालवतो, आणि हे रोज न चुकता करणारा माणूस लागतो.

पॅकिंगमध्ये एकच सांगते, बबल रॅप चित्राला थेट लावू नका. आधी आम्लमुक्त कागद, मग बबल रॅप आणि फुगे बाहेरच्या बाजूला, नाहीतर फुग्यांचे गोल ठसे रंगावर उमटतात. चांगला कागद महाग असतो आणि दर वेळी तोच खर्च कापायला निघतात.

नवीनरोप:
वाचून एकदम भारी वाटलं. मला अभिनय येत नाही, चित्रकला येत नाही, गळा नाही, पण या जगात राहायचंय. अशा संस्थेत मला काय काम मिळेल? शिक्षण वेगळ्याच विषयाचं झालंय.

विश्वस्तमी:
मी एका संस्थेचा विश्वस्त आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

आम्ही देणगी मागायला जातो तेव्हा समोरचा माणूस पहिलं विचारतो, माझ्या पैशातले किती कलाकारापर्यंत जाणार. त्याचं चुकत नाही. तो कष्टाचे पैसे देतोय, त्याला ते रंगमंचावर दिसायला हवेत. त्याला मी सांगू की यातला मोठा भाग बबल रॅप, हेडसेट आणि हिशेबाला जाईल? तो दुसऱ्या दारी जाईल. शिवाय मी संस्था बघितल्यात जिथे ऑफिसच वाढत गेलं आणि कार्यक्रम कमी होत गेले, तीही गोष्ट खोटी नाही. तेव्हा वरचा खर्च कमी ठेवा हा आग्रह निव्वळ अडाणीपणाचा नाही.

आणि एक मनापासून सांगतो, या संस्था ज्यांनी उभ्या केल्या त्यांनी सतरंज्या उचलल्या, पावत्या फाडल्या, पोस्टर लावली, कोणी तास मोजले नाहीत. सगळंच मोजायला लागलो तर ती भावना टिकेल का?

मागचीबाजू:
काका राग कशाला, तुम्ही जे लिहिलंत तेच आमच्या बैठकीत बोललं जातं फक्त इतकं नीट बोललं जात नाही.

पण भावनेबद्दल मला वेगळं वाटतं. ज्यांनी सतरंज्या उचलल्या त्यांच्यामागे घर चालवणारं दुसरं कोणीतरी होतं, किंवा दुपारी सुटणारी नोकरी होती. मोजायचं नाही असं ठरवलं की काम कोणाच्या वाट्याला येतं? ज्याला परवडतं त्याच्या. ज्या मुलीला महिन्याच्या शेवटी भाडं भरायचंय ती कितीही हुशार असली तरी वर्षभर घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजू शकत नाही. मग आपल्या ऑफिसात आणि विंगेत एकाच तऱ्हेची माणसं उरतात आणि नंतर आपणच चर्चासत्र भरवतो की तरुण लोक संस्थेत का येत नाहीत.

आणि मोजणं म्हणजे प्रत्येकाला पैसे देणं असंही नाही. स्वयंसेवकाचे तासही लिहायचे. त्यातून कळतं की संस्था खरी किती तासांवर उभी आहे आणि त्यातले किती उद्या अचानक बंद पडू शकतात.

हिशेबनीस:
विश्वस्त काकांच्या मुद्द्याला उत्तर द्यायचं तर तो देणगीदार जो प्रश्न विचारतो तो त्याला शिकवला कोणी हे बघायला हवं. संस्थांची माहिती लोकांपुढे मांडणाऱ्या ज्या मोठ्या अमेरिकन संस्था आहेत त्यांनीच वर्षानुवर्षं वरच्या खर्चाच्या टक्केवारीकडे बोट दाखवलं, आणि मग २०१३ मध्ये त्यातल्या तिघींनी, गाईडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाईज गिव्हिंग अलायन्स यांनी, देणगीदारांना उघड पत्र लिहून सांगितलं की संस्था चांगली की वाईट हे नुसत्या या टक्केवारीवरून ठरवू नका. त्याआधी २००९ मध्ये ॲन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड या दोघांनी हे चक्र फार नीट मांडलं होतं. देणगीदाराची अपेक्षा अवास्तव कमी, संस्थेला वाटतं तेवढंच दाखवलं पाहिजे, म्हणून ती खर्च खरोखर कापते आणि जो उरतो तो पण कमी दाखवते, ते आकडे बघून देणगीदाराची अपेक्षा अजून खाली जाते. फिरत राहतं. थांबवायला कोणीतरी एकाने खरा आकडा लिहावा लागतो.

आणि कलेच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे जी मी प्रत्येक नवीन विश्वस्ताला सांगतो. १९६६ साली विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी प्रयोगकलांच्या खर्चाचा अभ्यास मांडला. त्याचं सार असं की चार वादकांची रचना वाजवायला बेटोफनच्या काळात चार माणसं लागायची आणि जेवढा वेळ लागायचा, आजही तेवढीच माणसं आणि तेवढाच वेळ लागतो. कारखान्यात यंत्र आलं, तेवढ्याच तासात माल कितीतरी पट निघायला लागला म्हणून तिथली मजुरी वाढू शकली. वादकालाही त्याच बाजारात राहायचंय, त्याचं मानधन वाढायलाच हवं, पण रचना अर्ध्या वेळात वाजवून भागत नाही. म्हणजे प्रयोगाचा खर्च इतर गोष्टींच्या मानाने वाढतच जाणार आणि नुसत्या तिकिटातून तो निघणं अवघड होत जाणार. यात कोणाचा गलथानपणा नाही, त्या कामाचा स्वभावच तसा आहे. विंगेतल्या दादांचं फोकसिंग असो की कागदकाच ताईंचा स्थितीअहवाल, दोन्हींना तेच लागू.

ऑफिस फुगतं आणि कार्यक्रम आटतात हे मात्र होतं, काका बरोबर आहेत. पण ते पकडायचं कसं? सगळा खर्च एका ओळीत कोंबला तर फुगलेलं ऑफिस आणि गरजेचं काम यात फरकच दिसत नाही. कामं सुटी करून लिहिली तरच दिसतो.

विंगेतला:
काकांना एक सांगतो. देणगीदाराला जे दिसत नाही त्यावर पैसे कापले की काय होतं त्याचं उदाहरण शिकागोत आहे. ३० डिसेंबर १९०३, इरोक्वॉय थिएटर. नवंकोरं, उघडून जेमतेम महिना झालेला, जाहिरातीत आगीपासून पूर्ण सुरक्षित म्हणून लिहिलेलं. दुपारचा खेळ, सुट्टीचे दिवस, मुलं आणि बायका मोठ्या संख्येने, बसायला जागा नाही म्हणून लोक मागे उभे. स्टेजवरच्या एका दिव्याची ठिणगी कापडाला लागली, संरक्षक पडदा खाली सोडला तो अडकला, बाहेर जायची काही दारं कुलूपबंद, काही पडद्यांनी झाकलेली, काही आत उघडणारी. ६०० हून जास्त माणसं गेली. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी नियम कडक झाले, दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी, ढकललं की उघडतील अशी, वाटेवर दिवे.

तिथे बघायला काही कमी नव्हतं, सजावट भरपूर होती. कमी पडलं ते सगळं न दिसणारं. म्हणून प्रयोगाच्या आधी मी स्वतः प्रत्येक बाहेर जायचं दार ढकलून बघतो, रोज, कोणी हसलं तरी.

छोटं उदाहरण पण देतो. लाईट बोर्डपासून लाईटपर्यंत सिग्नल जातो तो डीएमएक्स ५१२, हे १९८६ चं मानक, एका लाईनवर ५१२ चॅनल. त्याची केबल वेगळी असते. खर्च वाचवायला कोणीतरी माईकची केबल आणून देतं, तीन पिनांची असली तर बसते पण, पण आतून ती या कामासाठी बनलेली नसते. थोड्या अंतराला चालून जाते, लांब ओढली की भर प्रयोगात लाईट आपोआप लुकलुकायला लागतात आणि सगळे बोर्डवरच्या पोराकडे बघतात.

दारातउभी:
खूप दिवस वाचतेय आज लिहितेच. मी स्वयंसेवकांचं बघते. मागचीबाजू ताईंनी स्वयंसेवकांचे तास लिहायचं म्हटलं ते आम्ही करतो आणि त्याचा फायदा पैशापेक्षा माणसं टिकायला झालाय.

स्वयंसेवक का सोडून जातात? काम जास्त पडलं म्हणून क्वचितच. तो येतो आणि त्याला कोणी सांगत नाही काय करायचं, तासभर भिंतीला टेकून उभा राहतो, मग शेवटी खुर्च्या उचलायला हाक मारतात. पुढच्या वेळी येत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक कामाचा अर्धं पान कागद केलाय, किती वाजता यायचं, कुठे उभं राहायचं, कोणाला विचारायचं (एकाच माणसाचं नाव, तिघांचं नाही), उशिरा आलेल्या प्रेक्षकाला कधी आत सोडायचं, कोणाला चक्कर आली तर काय, सुटी कधी. जाण्यायेण्याचा खर्च आम्ही न मागता देतो. मागायला लावलं की ज्याला गरज आहे तोच गप्प बसतो हे मी नेहमी बघितलंय.

आणि हो, स्वयंसेवकाकडून जे काम करून घेऊ नये ते करून घेऊ नका. शिडीवर चढणं, रात्री एकट्याने गल्ला नेणं, लहान मुलांबरोबर एकट्याने थांबणं. माणूस तयार आहे म्हणून काम त्याच्यावर टाकायचं असं नसतं.

विश्वस्तमी:
इरोक्वॉयबद्दल मला माहीत नव्हतं. दारांचं वाचून खरंच विचारात पडलो.

बॉमोल वगैरे पटतं. पण मला बैठकीत पाच मिनिटं मिळतात. देणगीदारासमोर त्याहून कमी. तिथे काय बोलू? अर्जातल्या रकान्यात काय लिहू? ते सांगा, तत्त्व कळलं.

मागचीबाजू:
काका, आम्ही असं करतोय. 'प्रशासकीय' ही ओळ आम्ही जवळपास रिकामी केली. त्यात फक्त जे खरंच कुठल्याच कार्यक्रमाचं नाही ते ठेवलं, म्हणजे वार्षिक हिशेबतपासणी, संस्थेची नोंदणी, विश्वस्तांच्या बैठका. बाकी सगळं ज्या त्या कार्यक्रमात नेलं. प्रदर्शनाच्या बजेटमध्ये आता 'चित्रांची स्वीकृती, स्थितीअहवाल आणि पॅकिंग' अशी ओळ आहे. नाटकाच्या बजेटमध्ये 'सेट व प्रकाशाची उभारणी आणि उतरवणी', 'प्रेक्षक सुरक्षा व प्रवेश', 'हक्क आणि परवानग्या'. कार्यशाळेत 'नोंदणी आणि पालकांशी संपर्क'. हे वाचून देणगीदार क्वचितच म्हणतो की हे नको. 'प्रशासकीय' शब्द वाचून तो कापतो कारण त्याला त्यात टेबल-खुर्ची दिसते. हक्कांची परवानगी नको असं कोण म्हणेल?

मात्र एक पथ्य, तो आकडा खरा पाहिजे. नुसती नावं बदलून तीच रक्कम फिरवली तर ती फसवणूक आहे आणि आज ना उद्या उघडी पडते. म्हणून आधी तास. ऑफिसातल्या प्रत्येकाने काही आठवडे रोज शेवटची पाच मिनिटं लिहायचं, आज कुठल्या कामाला साधारण किती वेळ. मिनिटामिनिटाचा हिशेब नको, अर्ध्या तासाच्या हिशेबाने पुरे. एखाद्याचा निम्मा वेळ नाटकाला, पाव प्रदर्शनाला, पाव कार्यशाळांना जातोय असं दिसलं की त्याचा पगार त्याच प्रमाणात तिन्हीत वाटायचा. जागेचं भाडं आणि वीज पण तशीच, दालन किती दिवस कशासाठी वापरलं त्यावर.

बैठकीत पाच मिनिटं असतील तर एकच कार्यक्रम घ्या. त्याचा अर्जात लिहिलेला खर्च आणि तास धरून आलेला खरा खर्च शेजारी शेजारी ठेवा. मधला फरक आत्ता कोण भरतंय एवढंच विचारा, उत्तर खोलीतच बसलेलं असतं.

हिशेबनीस:
ताईंच्या पद्धतीला माझा पूर्ण पाठिंबा, फक्त वाटणी कशी केली त्याची एक पानाची टीप लिहून ठेवा आणि दर वर्षी तीच पद्धत ठेवा. एका वर्षी वेळेवर, दुसऱ्या वर्षी जागेवर असं केलं की तपासणीस विचारणारच. आणि एकच खर्च दोन देणगीदारांना दाखवायचा नाही, हे सांगायची गरज नसावी पण सांगतो. एखाद्या देणगीदाराचा नियमच असेल की अमुक टक्क्यांच्या वर ऑफिसचा खर्च देणार नाही, तर तो नियम पाळायचा, पण त्याच्या कार्यक्रमाचा पूर्ण खर्च आणि उरलेली तूट कुठून येणार ते बैठकीत लिहून ठेवायचं. मग विश्वस्त डोळे उघडे ठेवून हो म्हणतील, किंवा नाही म्हणतील. अनुदान नाकारणं हाही निर्णय असू शकतो, जे घेतल्यावर संस्था अजून खड्ड्यात जाते ते का घ्यायचं.

कागदकाच:
वस्तूरूपाने मिळतं ते पण लिहा. कोणी फ्रेम फुकट दिल्या, कोणी गाडी दिली, कोणी डिझाईन करून दिलं. पुढच्या वर्षी तो माणूस नसला की अचानक तेवढा खर्च उभा राहतो आणि सगळे म्हणतात गेल्या वर्षी तर लागला नव्हता.

विंगेतला:
नवीनरोप, तुला कोणी उत्तरच दिलं नाही. तुझं शिक्षण कशाचं आहे ते आड येत नाही. ज्याला यादी करता येते, वेळेवर येता येतं, आणि माहीत नसेल तर विचारता येतं त्याला विंगेत जागा आहे. मदतनीस म्हणून ये आणि आधी केबल गुंडाळायला शीक. हसू नको, हाताच्या कोपरावर गुंडाळली तर आतली तार पिळली जाते आणि केबल लवकर मरते, एक वळसा सरळ आणि एक उलटा असं घ्यायचं म्हणजे सोडताना गाठ पडत नाही. मग टेपच्या खुणा, कुठलं फर्निचर कुठे ते जमिनीवर रंगीत टेपने. मग प्रॉपर्टीचं, म्हणजे नाटकात हाताळायच्या वस्तूंचं टेबल, प्रत्येक वस्तूची जागा आखलेली आणि नाव लिहिलेलं, म्हणजे काय नाहीये ते एका नजरेत कळतं. हॅलोजनचा बल्ब बदलताना उघडा हात काचेला लावायचा नाही, बोटांचं तेल लागलं तिथे काच जास्त तापते आणि बल्ब जातो. एवढं आलं की स्टेज मॅनेजरच्या शेजारी बसून एक अख्खा प्रयोग नुसता ऐक. आणि कोणी सांगितलं की रात्री उतरवायला दोघंच आहात, तर नाही म्हणायला शीक, नवीन असलास तरी.

दारातउभी:
आणि स्टेजच पाहिजे असं नाही हं. तुला आकडेमोड आवडत असेल तर तिकीटखिडकी, लिहायला आवडत असेल तर अर्ज आणि अहवाल. चांगला अहवाल लिहिणारा माणूस मिळणं प्रकाशयोजनाकार मिळण्याहून अवघड झालंय.

नवीनरोप:
थँक्यू दादा, थँक्यू ताई. लिहायला आवडतं मला. अहवालात नेमकं काय लिहितात? कार्यक्रम छान झाला असंच ना?

मागचीबाजू:
ते सोडून सगळं 😊 काय करायचं ठरवलं होतं, त्यातलं काय झालं, काय बदललं आणि का, किती लोक आले, त्यातले पहिल्यांदा आलेले किती, पैसे ठरल्याप्रमाणे गेले का, आणि आलेल्या एका-दोघांचे शब्द त्यांच्या परवानगीने. जे जमलं नाही तेही लिहायचं, समजूतदार देणगीदार तोच भाग आधी वाचतो. आणि अहवालाचं सामान कार्यक्रम चालू असतानाच गोळा करायचं असतं, नंतर कोणाला काही आठवत नाही.

विश्वस्तमी:
पुढच्या बैठकीत एक कार्यक्रम घेऊन दोन्ही आकडे शेजारी ठेवतो. मला तासांच्या तक्त्यात कुठले रकाने ठेवायचे तेवढं सांगा, आमचा ऑफिसातला मुलगा करून देईल.

मागचीबाजू:
तारीख, नाव, कार्यक्रम, काम, किती वेळ, पगारी की स्वयंसेवक. शेवटी 'हे काम दुसऱ्या कोणाला येतं का' हा एक रकाना ठेवा, हो किंवा नाही. जिथे नाही आलं तिथे आधी कागद लिहायला घ्या. आणि काका, त्या मुलाचे तक्ता करण्यात गेलेले तासही त्यात भरा.

विंगेतला:
'दुरुस्ती आणि देखभाल' वेगळं काम म्हणून लिहायला सांगा. आमच्याकडे ते 'इतर' मध्ये जायचं. वेगळं काढलं तेव्हा शिड्या बदलायला मंजुरी मिळाली.